भट्टी-मी.जेपीजी

उद्यमनगरातल्या ऑफिसात माझा पडदा अजून काळाच.
चित्र नाही, बटण नाही, माऊस तर नाहीच.
नवा पोरगा प्रज्योत विचारतो, "सर, ह्यात फोटो दिसतच नाही?"
नाही. दिसतं ते नाव, प्रकार, वजन:
पंप-केसिंग, पीडीएफ, नऊशे केबी.

व्ही दाबला की पत्राचं झाड उघडतं,
खोडात मजकूर, फांद्यांना लटकलेली ड्रॉइंगं.
हवी त्या फांदीवर पट्टी नेऊन एस दाबायचा,
कुठं ठेवू विचारतं, सांगायचं.
पार्टीनं रिव्हिजन चार धाडली
तरी तीनवर तिला ठेवायची नाही,
हे शिकायला चाळीस नग भंगारात गेले
आणि मगदूम मालक तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एकदा चुकून एक जोडपत्र कच्चंच उघडलं.
अक्षरं, नुसती अक्षरं,
पानंच्या पानं, कुठं जागा नाही, विराम नाही.
दस्तगीर जमादार खुर्चीमागं उभे होते,
कानावर पेन्सिल.
"ही तर वाळू हाय की रं," म्हणाले,
"ठोकून बसवल्याली. आत माल हाय."

पॅटर्नमेकर माणूस.
लोखंड गार होताना किती आकसणार
ते लाकडात आधीच वाढवून ठेवणारा.

मग एका मार्चात सर्व्हर भरला.
रात्रभर बसून मी जुनी जोडपत्रं काढली,
मजकूर तेवढा ठेवला.
डी. डी. डी.
डबा उघडलाच नाही त्या रात्री.

काल आस्माचं पत्र आलं.
"अब्बांचं चाळीसावं झालं परवा.
मी सगळीकडं शोधलो, मोबाईल बघितलो, कपाट उपसलो,"
(इकडच्या बायका बोलतात तशीच लिहिते ती)
"भट्टीसमोरचा फोटो त्यांनी तुम्हाला पाठवला होता म्हणे.
कामावरचा तेवढाच एक. मिळेल काय?"

शोधलं. पत्र होतं.
"सोबत फोटो जोडला आहे. बघून कळवणे."
मी कळवलं नव्हतं.
व्ही दाबला. दोन फांद्या.
दुसरीवर:
भट्टी-मी.जेपीजी, अठराशे केबी,
काढून टाकले, गुरुवार, रात्री एक वाजून दहा.

पॅटर्न उचलला की वाळूत पोकळी राहते.
आम्ही ती जपतो, फुंकर मारून साफ करतो,
भोवती सांभाळून पाय टाकतो,
तिच्याशिवाय धातू जाणार कुठं?
ही पोकळी तसली नव्हती.
नाव बरोबर, माप बरोबर,
ओतायला काही नाही.

सकाळी पॅटर्न शॉपच्या माळ्यावर चढलो.
केसिंगचा जुना पॅटर्न, सागवानी,
लाल रंग पोपडे धरून सुटलेला,
आणि पोटाला त्यांची पेन्सिल:
"एक सूत जादा. द. ज."
धूळ पुसली नाही, पुसली असती तर आकडाही गेला असता.
फोटो काढला. कोपऱ्यात माझा अंगठा आला.

ए दाबून जोडला.
खाली ओळी दोन दिसल्या, मी दोनदा मोजल्या.
मजकुरात लिहिलं, तो फोटो माझ्याकडून गेला.
खोडलं.
दुसरं काही सुचेना, पुन्हा तेच लिहिलं.
वाय दाबला.

विषय रिकामा आहे. रद्द करायचं?

प्रज्योत चहाचे ग्लास घेऊन मागं उभा,
"सर, टाका की कायतरी."

यंत्राची आपली समजूत, की माणूस हो म्हणेल;
नुसतं एंटर दाबलं तरी ते हो धरतं.
मी बोट उचलून एनवर नेलं.
चहावर साय धरली होती.